पक्षाघातानंतर : रुग्णालयातला पुनर्वसन विभाग की घरी येणारे फिजिओ?

पक्षाघात, मणक्याची दुखापत, डोक्याला बसलेला मार किंवा अतिदक्षता विभागातला लांबलेला मुक्काम, यांपैकी कशातूनही माणूस वाचला, की डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरच्यांना एक निर्णय घ्यावा लागतो. रुग्णाला सरळ घरी न्यायचे, पलंग भाड्याने आणायचा, फिजिओ आणि मदतनीस लावायचा. की जिथे पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे अशा रुग्णालयात आणखी काही आठवडे ठेवायचे. माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, बाबतीत २०२४ च्या ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत आम्ही हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ एक अनुभवले. मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकल्यामुळे त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि बोलणे जवळजवळ बंद झाले होते. खाली लिहितो आहे ते वडोदऱ्यातल्या एका मराठी घराच्या अनुभवावर आधारलेले आहे. दुसऱ्या रुग्णाला ते जसेच्या तसे लागू पडेल असा माझा आग्रह नाही. पक्षाघात म्हणजे काय आणि फिजिओथेरपी कशासाठी, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

क्रमाबद्दल एक खुलासा आधीच केलेला बरा. आम्ही प्रथम घर निवडले आणि नंतर रुग्णालय. दादा घरच्या माणसांत लवकर खुलतील असे वहिनींना वाटत होते, गणपती तोंडावर आले होते, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही दोन्ही चालेल असेच सांगितले होते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू बराचसा आपणहून सावरत असतो, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात जी सुधारणा दिसली तिचे सगळे श्रेय त्या टप्प्यातल्या व्यवस्थेला देणे न्याय्य होणार नाही. क्रम उलटा असता तर कदाचित आज मी घराचे गुणगान करीत बसलो असतो. तसे झाले असते असे मला वाटत नाही, पण शक्यता नोंदवून ठेवतो.

दोन्हींतला ठळक फरक व्यायामाच्या प्रमाणाचा आहे. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२३ मध्ये पक्षाघाताच्या पुनर्वसनाची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली, तेव्हा रुग्णाच्या गरजेप्रमाणे दिवसाला किमान तीन तास आणि आठवड्यातून किमान पाच दिवस थेरपी द्यावी अशी शिफारस केली. त्याआधीची शिफारस प्रत्येक थेरपीला पाऊण तासाची होती. अमेरिकेतही पुनर्वसन रुग्णालयात घेताना रुग्णाला रोजचे तीन तास झेपतील, अशी अपेक्षा धरतात. आपल्याकडे घरी येणारे फिजिओ पाऊण तास, फार तर तासभर थांबतात. घरी येणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारा, आम्हाला तरी मिळाला नाही, आणि स्पीच थेरपीसाठी दादांना जिना उतरवून गाडीत घालून न्यावे लागे. रुग्णालयात सकाळी फिजिओ, मग हाताचे काम, दुपारी बोलण्याचा सराव, चारनंतर पुन्हा उभे राहणे, असा दिवस चाले. तीन तास रोज भरत होते की नाही हे मी घड्याळ लावून पाहिले नाही, बहुधा भरत नसावेत, पण घरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट काम नक्कीच होत असे. अर्थात जास्त म्हणजे सदैव चांगले असेही नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अव्हर्ट' या मोठ्या अभ्यासात रुग्णांना पहिल्या चोवीस तासांतच उठवून वारंवार हालचाल करायला लावली, तेव्हा परिणाम उलट वाईट आला. पण तो प्रश्न अगदी पहिल्या दिवसांचा. इथे विषय त्यानंतरच्या आठवड्यांचा आहे.

असे असले तरी आमचा निर्णय या आकड्यांमुळे झाला नाही. तो फिजिओची वाट पाहण्यामुळे झाला.

आमचे फिजिओ उत्तम होते, हे प्रथम लिहून ठेवतो. तरुण, हाताला हलके, 'काका, बस एक वार' म्हणत दादांकडून तोच पाय दहा वेळा उचलून घेणारे. पण ते नदीपलीकडून, अकोट्याच्या बाजूने, दांडिया बाजारात येत, आणि वाटेत त्यांचे आणखी तीन-चार रुग्ण असत. वेळ ठरलेली होती सकाळी दहाची. प्रत्यक्षात ते साडेनऊपासून साडेबारापर्यंत केव्हाही येत. त्यात त्यांचा दोष काढता येत नव्हता. आधीच्या घरी रुग्णाचे कपडे बदलायचे राहिलेले असत, कुठे रक्त घ्यायला लॅबचा माणूस बसलेला असे, कुठे नातलगांना शंका विचारायच्या असत, आणि एकाकडे वीस मिनिटे उशीर झाला की तो पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला वाढत जाई. फोन केला की 'नीकळी गयो छुं' असे उत्तर ठरलेले. कुठून निघाले, हे विचारण्याचा अवघडपणा आम्ही शेवटपर्यंत टाळला.

निरोगी माणसाला दोन तासांची वाट ही चिडचिडीपुरती गोष्ट वाटेल. पक्षाघातानंतर येणारा थकवा मात्र वेगळाच असतो; तो श्रमाच्या प्रमाणात येत नाही, अचानक येतो आणि आला की रुग्ण अक्षरशः विझतो. दादांना दिवसातली खरी उमेद सकाळच्या दीड-दोन तासांचीच असे. फिजिओच्या आधी पोट भरलेले नको आणि रिकामेही नको. आंघोळ आधी उरकावी तर त्यातच ते दमत, नंतर ठेवावी तर ती दुपारच्या जेवणावर जाई. वहिनी नऊलाच त्यांना पायजमा, पायाची पट्टी आणि बूट चढवून, उजव्या हाताखाली उशी देऊन खुर्चीत बसवत. साडेदहापर्यंत ते खिडकीतून खालच्या रस्त्याकडे पाहत ताठ बसलेले असत. अकराला मान कलू लागे. साडेअकराला डाव्या हाताने पलंगाकडे खूण होई, आणि आम्ही दोघे मिळून बूट काढून त्यांना आडवे केले, की दहा मिनिटांत खाली स्कूटर वाजे. मग पुन्हा बूट. झोपेतून उठवलेल्या माणसाने समोरच्याचे मन राखण्यासाठी केलेले व्यायाम आणि उमेदीत केलेले व्यायाम यांतला फरक मोजायला यंत्र लागत नाही. दादांच्या पायाकडे पाहिले तरी कळे.

संध्याकाळची वेळ मागून पाहिली. संध्याकाळी ते सकाळपेक्षाही लवकर थकत. जवळच राहणारे दुसरे एक गृहस्थ लावून पाहिले. ते वेळ काटेकोर पाळत, पण त्यांचा हात कंबर-गुडघ्यांच्या रुग्णांवर बसलेला होता. शेक आणि करंट देऊन, चार हालचाली करवून ते जात. उभे राहताना दुबळ्या पायावर वजन कसे घ्यायचे, तोल जाताना धड कसे सावरायचे, हे पहिल्यांना येत होते तसे त्यांना येत नव्हते. आम्ही पुन्हा पहिल्यांकडेच वळलो, आणि पुन्हा वाट पाहणे सुरू झाले. त्यातच ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला, नदीवरचे पूल बंद झाले, आणि अकोट्याहून दांडिया बाजार हे अंतर काही दिवस सातासमुद्रापलीकडचे झाले. पूर ही रोजची गोष्ट नाही, हे मान्य. पण घरच्या व्यवस्थेत चुकलेला दिवस भरून येत नाही ही रोजचीच गोष्ट आहे. फिजिओंना ताप आला, त्यांच्या घरी लग्न निघाले, आपल्याकडे कोणी गेले, की तो दिवस खर्ची पडला.

रुग्णालयात हा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला, आणि तो तिथल्या मंडळींच्या शिस्तीमुळे झाला असेही मी म्हणणार नाही. त्यांनाही उशीर होत असे. फरक एवढाच की व्यायामाचे दालन त्याच मजल्यावर, बोळाच्या टोकाला होते. थेरपिस्ट दारातून डोकावत, दादा झोपलेले दिसले तर 'सुवा दो, पछी आवीश' म्हणून दुसऱ्या रुग्णाकडे जात आणि तासाभराने परत येत. रुग्ण जागा आणि ताजा असतानाच काम होणे, यात माझ्या मते निम्मे पुनर्वसन आले. पहिल्या आठवड्यानंतर वहिनींनी मला विचारले की आपण घरी इतके दमत का होतो, आणि मला वाटते त्याचे उत्तर त्या सकाळच्या खुर्चीत होते.

जवळ असण्याचा दुसरा फायदा मला आधी सुचलाही नव्हता. घरी येणारे फिजिओ रुग्णाला फक्त व्यायाम करताना पाहतात. तो शौचाला कसा जातो, घोट कसा घेतो, रात्री कुशीवर कसा वळतो, हे त्यांना आपण सांगू तेवढेच कळते. वॉर्डात हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या नजरेसमोर घडते. दादांचा उजवा खांदा घरी असतानाच सैल पडू लागला होता. ब्युरोकडून येणारे मदतनीस दर आठ-पंधरा दिवसांनी बदलत, आणि त्यांतला प्रत्येक जण उठवताना सवयीने तोच दुबळा हात धरून ओढी. लुळ्या हाताचे स्नायू खांद्याचा सांधा धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे अशा ओढण्याने सांधा खाली सरकतो आणि नंतरचे दुखणे महिनोन्‌महिने पुरते. वॉर्डात पहिल्याच दिवशी पलंगाच्या डोक्याशी गुजरातीत एक कागद चिकटवला गेला, उजवा हात ओढू नये असा, आणि नर्सबेनपासून फरशी पुसणाऱ्या मासींपर्यंत सगळ्यांनी तो पाळला. उठवायचे तर कमरेच्या पट्ट्याला धरून आणि पाठीमागे खवाट्याखाली हात घालून. घरी आम्ही हेच पाच जणांना सांगितले होते आणि सहावा रविवारी नवीन आला होता.

गिळण्याचेही तसेच. चहा घेताना दादांना ठसका लागत असे आणि आम्ही पाठ चोळत असू. वॉर्डातल्या स्पीच थेरपिस्टने चमचाभर पाणी देऊन त्यांच्या गळ्यावर दोन बोटे ठेवली, घोट उतरताना कंठमणी केव्हा आणि किती वर येतो ते पाहिले, आणि पातळ पदार्थ काही दिवस बंद करून पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेले द्यायला सांगितले. पातळ वरण बंद, कालवलेला घट्ट वरण-भात चालेल, जेवताना पाठ ताठ आणि हनुवटी किंचित छातीकडे. ठसका थांबला. पक्षाघातानंतर अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे मृत्यूचे एक मोठे कारण आहे, म्हणून ही गोष्ट किरकोळ मानू नये.

आता घराची बाजू, कारण ती लहान नाही. बोलणे परत येण्याच्या बाबतीत घर निःसंशय सरस होते. ज्यांची वाचा जाते त्यांचे पाठांतर, आकडे आणि शिव्या पुष्कळदा शाबूत राहतात. दादांना पाणी हा शब्द सापडत नव्हता, पण गणपतीच्या आरतीत ते ओळीच्या ओळी सुरात म्हणाले, आणि ज्या भाच्याने आरतीचे तबक त्यांच्यापुढे धरले होते त्याचे हात थरथरू लागले. रुग्णालयात मात्र स्पीच थेरपिस्ट गुजराती, चित्रांच्या पत्त्यांवरची अक्षरे गुजराती, आणि दादांचे शब्द येत होते ते मराठीत. दुकानात त्यांनी उभा जन्म गुजराती बोलण्यात घालवला असला, तरी आजारात त्यांना ती आठवत नव्हती. मराठी बोललेले थेरपिस्टला कळे, पण अर्धवट उच्चारलेला मराठी शब्द बरोबर की चूक, हे तिला ठरवता येत नसे. अखेर वहिनींनी घरातल्या वस्तूंची आणि माणसांच्या नावांची एक वही करून दिली, तेव्हा काम पुढे सरकले. ज्यांच्या रुग्णाची मुख्य अडचण वाचेचीच आहे आणि हात-पाय बऱ्यापैकी चालतात, त्यांनी माझ्या पुढच्या मताला फार किंमत देऊ नये. त्यांच्यासाठी घर आणि आपल्या भाषेचा थेरपिस्ट हाच पर्याय मला योग्य वाटतो.

मनाचाही विचार करायला हवा. पक्षाघातानंतर जवळपास एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येते, आणि वॉर्डातली रात्र त्याला पोषकच असते. शेजारच्या पलंगावरचे कण्हणे, मधूनच पेटणारा दिवा, पहाटे पाचला रक्तदाब घ्यायला आलेली नर्स. जंतुसंसर्गाचा धोका घरापेक्षा तिथे जास्त, हे तर उघडच आहे. जेवण सोसवेल असे होते, रुचेल असे नव्हते. डाळीतली साखर दादांनी पन्नास वर्षे वडोदऱ्यात राहूनही आपलीशी केलेली नाही. सोबतीला राहणाऱ्याने बाकावर झोपायचे आणि सकाळी कमरेला हात लावत उठायचे. रविवारी दालन बंद असे, आणि नवरात्रात तरुण थेरपिस्ट मंडळी रात्रीच्या गरब्यानंतर सकाळी जेमतेम डोळे उघडे ठेवून येत. वडोदऱ्यात राहून त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नाही. एका तरुणाने तर दादांना उभे करताना चार पावले गरब्याच्या ठेक्यावर घ्यायला लावली, आणि दादांनी ती घेतली.

घराच्या बाजूने जी गोष्ट सगळे प्रथम सांगतात, ती माणसांची ऊब, तिच्याबद्दल मात्र मी साशंक झालो आहे. गणपतीत आमच्याकडे दिवसभर राबता होता. येणारा प्रत्येक जण शहाळे किंवा सफरचंदे घेऊन येई, पलंगाशेजारी बसे आणि दादांना आराम करण्याचा सल्ला देई. उठू पाहणाऱ्याला चार हात परत झोपवत. डाव्या हाताने भाजी कालवण्याचा प्रयत्न दिसला की कोणीतरी मायेने घास भरवी. हे सगळे प्रेमापोटी, आणि त्यावर बोलणे म्हणजे वाईटपणा घेणे. वॉर्डात भेटीची वेळ संध्याकाळी तासभर होती आणि मासी जेवणाचे ताट समोर ठेवून निघून जात. ज्याचे त्याने खायचे. सुरुवातीला ते आम्हाला निष्ठुर वाटले. दहा-बारा दिवसांत दादा डाव्या हाताने पोळी मोडू लागले.

पैशांचे सांगतो, पण आकडा देत नाही, कारण खोलीच्या प्रतीप्रमाणे तो फार बदलतो. पलंगाचे भाडे, हवेची गादी, दोन पाळ्यांचे मदतनीस आणि फिजिओ धरून घरी जो खर्च येत होता, त्याच्या तिप्पट ते चौपट रुग्णालयात आला. त्याहून महत्त्वाची गोष्ट विम्याची. विमा नियामकाने २०१९ मध्ये वैद्यकीय विम्यातील जी अपवर्जने, म्हणजे ज्यांचा खर्च विमा देत नाही अशा बाबी, प्रमाणित केली, त्यांत पाचव्या क्रमांकाखाली केवळ सक्तीची विश्रांती, पुनर्वसन आणि देखभाल यांसाठीची भरती येते. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर पुनर्वसन हा शब्द उच्चारताच पुष्कळदा कॅशलेसची वाट बंद होते. भरतीमागे सक्रिय उपचार कोणते चालू आहेत, हे डॉक्टरांकडून कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे, कंपनीकडून आधीच लेखी उत्तर मागवावे आणि नकार येईल असे धरूनच पैशांची तजवीज ठेवावी. घरी नेल्यास काही पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक मुदतीतला खर्च मिळतो. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचा सल्ला लिहिलेला असणे गरजेचे. ज्यांना हा खर्च पेलणार नाही त्यांनी कर्ज काढून पुनर्वसन विभाग गाठावा असे मी कधीही सांगणार नाही. आपल्याकडे सयाजी रुग्णालयाचा फिजिओथेरपी विभाग आहे, तिथे बाह्यरुग्ण म्हणून नेता येते. अडचण रुग्णाला रोज नेण्या-आणण्याचीच.

घरच्या माणसालाच शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतले तर, असा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्यावर आपल्याच देशात चांगला अभ्यास झालेला आहे. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अटेंड' या चाचणीत १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरातील एका व्यक्तीला रीतसर शिकवून तिच्याकडून घरी पुनर्वसन करवले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. यावरून घरच्यांनी काही करू नये असा अर्थ काढणे चूक आहे, आणि ती तुलना रुग्णालयातल्या पुनर्वसनाशी नव्हतीच. पण वहिनी सगळे करतील या गृहीतावर योजना आखणाऱ्यांनी ती संख्या एकदा डोळ्यांखालून घालावी. उलट, इंग्लंड आणि उत्तर युरोपात सौम्य ते मध्यम पक्षाघाताच्या रुग्णांना लवकर घरी सोडून तिथे थेरपी देण्याची पद्धत यशस्वी ठरलेली आहे. तिचे मर्म असे, की फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, नर्स आणि डॉक्टर हा एकच चमू असतो, तो एकत्र बसून रुग्णाचा विचार करतो आणि तोच घरी जातो. आपल्याकडे घरी जे येतात ते सुटे सुटे येतात, आणि त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणे हे काम घरच्यांकडे असते.

मणक्याच्या दुखापतीबद्दल मात्र मला तुलनाच करावीशी वाटत नाही. तिथे प्रश्न पाय चालवण्यापुरता नसतो. लघवीची नळी, पोट साफ होणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, नाही तर पडणारे शय्याव्रण, हे सगळे रुग्णाने आणि घरच्यांनी शिकून घ्यावे लागते आणि ते भरती राहूनच शिकता येते. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात सरकारी स्पाइन इन्स्टिट्यूट आणि पॅराप्लेजिया रुग्णालय आहे, वडोदऱ्याहून दोन-अडीच तासांवर. मुंबईचे नातलग हाजी अलीच्या केंद्रीय पुनर्वसन संस्थेचे नाव घेतात. ती १९५५ पासून आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९६६ साली भरती राहून पुनर्वसन घेण्याची सोय सुरू करणाऱ्या डॉ. मेरी व्हर्गीस स्वतः अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करीत असत, हे आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी एका खचलेल्या तरुण रुग्णाला सांगितले होते. त्याच्यावर त्याचा काय परिणाम झाला ते मला कळले नाही, माझ्यावर झाला. पक्षाघातासाठी मात्र गाव सोडून लांब जाण्याचे मला तितके कारण दिसत नाही, कारण तिथे मिळवलेले शेवटी इथल्याच घरात वापरायचे असते.

त्या घराचाही विचार वॉर्डात झाला. ऑक्युपेशनल थेरपिस्टने आमच्या लाकडी जिन्याचा आणि संडासाच्या उंबऱ्याचा फोटो मागवला, पायरीची उंची विचारली, आणि शेवटच्या आठवड्यात दादांना तेवढ्याच उंचीच्या पायरीवर चढ-उतर करायला लावले: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा. संडासात दांडी डाव्या हाताला लावायची, हे तिने सांगितले नसते तर सुताराने ती सवयीने उजवीकडेच ठोकली असती. रुग्णालयात दर आठवड्याला रोजची कामे रुग्णाला स्वतः किती करता येतात याची नोंद बार्थेल नावाच्या शंभर गुणांच्या मापावर होते. दादांचे गुण फाइलमध्ये असतील. मला आठवते ते एवढेच की भरतीच्या वेळी त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला दोन माणसे लागत, आणि सुटताना वहिनी एकट्या पुरत.

एकूण विचारता माझा कल असा: धड, म्हणजे कमरेवरचे अंग, सावरता येत नाही, गिळण्याची अडचण आहे, किंवा उभे करायला दोन माणसे लागतात, अशा रुग्णाला परवडत असेल तर प्रथम तीन-चार आठवडे पुनर्वसन विभागात ठेवावे आणि मग घरी आणावे. रुग्ण आधार घेऊन चालतो आहे, खाणे-पिणे नीट आहे, आणि दहा म्हणजे दहाला दारात उभा राहणारा, पक्षाघाताच्या रुग्णांचा सराव असलेला फिजिओ आपल्या गल्लीत आहे, अशी स्थिती असेल तर घर पुरेसे आहे; तसा माणूस मिळाला तर त्याला आगाऊ पैसे देऊन बांधून घ्यावे.

विभाग निवडताना चकचकीत यंत्रांपेक्षा काही साध्या गोष्टी विचाराव्यात. रविवारी काय होते. रोज तोच थेरपिस्ट असतो की शिकाऊ विद्यार्थी बदलत राहतात. सगळे उपचार करणारे आठवड्यातून एकदा एकत्र बसतात का, आणि त्या वेळी घरच्यांना बसू देतात का. सोबत राहणाऱ्याला व्यायामाच्या दालनात येऊ देतात की बाहेरच्या बाकावर थांबवतात. थांबवत असतील तर ते रुग्णालय मी टाळीन, कारण घरी गेल्यावर धरायचे कसे ते त्यालाच शिकायचे असते. आणि ही चौकशी रुग्ण पहिल्या रुग्णालयात असतानाच, अतिदक्षतेतून वॉर्डात आल्या आल्या सुरू करावी. अशा विभागांत पलंग मोजकेच असतात, आणि आम्हाला तो मिळायला पितृपक्ष उजाडावा लागला.